रिटर्न नेमकं अडतं कुठे, आणि ते हातावेगळं कसं करायचं

आयकराचं रिटर्न भरायला बसलेला माणूस आधी कपाट आवरतो. मग त्याला आठवतं की कुंड्यांना पाणी घालायचं राहिलंय, बाथरूमचा नळ दोन आठवडे गळतोय आणि मामेभावाच्या मेसेजला उत्तर दिलेलं नाही. रात्री नऊपर्यंत घर लख्ख होतं, नळ थांबतो, मामेभाऊ खूश होतो. रिटर्न मात्र होतं तिथेच राहतं. हे मी कुणाची टिंगल म्हणून सांगत नाही. तो नळ माझ्याच घरातला होता.

मी सीए नाही. घरातल्यांची, ऑफिसमधल्या दोघा-तिघांची साधी पगारी रिटर्नं भरून देता देता हात बसला, एवढंच. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. रिटर्न लांबवणारी माणसं आळशी नसतात. त्यांचे हप्ते वेळेवर जातात, मुलांच्या फीची तारीख त्यांना पाठ असते. टिमथी पिचल नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने चालढकलीवर बरंच संशोधन केलंय. त्याचं म्हणणं असं की प्रश्न वेळेच्या नियोजनाचा नसतो. त्या कामाशी चिकटलेली नकोशी भावना टाळायची असते, म्हणून काम टळतं. रिटर्नच्या बाबतीत मला हे शंभर टक्के पटतं, कारण नकोसं जे असतं ते अख्खं रिटर्न कधीच नसतं. त्यातली एक गाठ असते.

माझ्यासमोर आलेल्या गाठी सांगतो. एकाने नोकरी भांडून सोडली होती आणि त्याच एचआरला फॉर्म १६ साठी (पगार आणि त्यातून कापलेला कर यांचा दाखला) मेल करायची त्याला लाज वाटत होती. एकीने शेअर्समध्ये पैसे घालवले होते आणि तो तोट्याचा आकडा तिला पुन्हा बघायचा नव्हता. एकाचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडला होता, त्यामुळे ओटीपी येण्याची शक्यताच नव्हती. आणि सगळ्यात चिवट गाठ म्हणजे, ‘मागच्या वर्षीचंच भरलेलं नाही, मग यंदाचं कुठल्या तोंडाने भरू?’ ही गाठ वर्षाला एक वर्ष गिळत जाते.

म्हणून सुरुवात पोर्टलवरून करू नका. कागद घ्या आणि एक वाक्य पुरं करा: ‘माझं रिटर्न अडलंय, कारण...’ पुढे ‘वेळ नाही’ असं लिहिलंत तर खोडा आणि पुन्हा लिहा. खरं कारण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला उतरतं. ते एकदा कागदावर आलं की बहुतेक वेळा एका फोनचं किंवा एका मेलचं काम निघतं. फॉर्म १६ चं तर तेवढंही नाही. तो नसला तरी पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा सरकारी हिशेब) यांवरून रिटर्न भरता येतं. भांडून नोकरी सोडलेल्या त्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काहीच बोलला नाही. या एका मेलपायी त्याने पाच महिने काढले होते.

मुळात तुम्हाला भरायचं आहे का?

इथे मोठा घोळ आहे. ‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग रिटर्न कशाला?’ हे वाक्य मी सारखं ऐकतो. टॅक्स शून्य असणं आणि रिटर्नची गरज नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खालचे सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षातल्या उत्पन्नाचे आहेत. कर मोजायच्या दोन प्रणाली आहेत: जुनी, बऱ्याच वजावटी देणारी, आणि नवी, कमी दरांची. नव्या करप्रणालीत त्या वर्षासाठी ४ लाखांपर्यंत करच नाही. त्यापुढे ८ लाखांपर्यंत ५ टक्के, १२ लाखांपर्यंत १० टक्के, आणि पुढे दर चार लाखांना पाच-पाच टक्के चढत २४ लाखांच्या वर ३० टक्के. करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळते आणि कर शून्यावर येतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित (पगारातून सरसकट मिळणारी) वजावट आहे, म्हणून त्याची सीमा पावणेतेरा लाखांवर जाते. पण ही सूट मिळते ती आकडेमोड झाल्यावर, आणि ती आकडेमोड जिथे दाखवायची ते म्हणजे रिटर्न. तुमचं उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल (जुनी प्रणाली घेतली तर अडीच लाखांच्या वर) तर रिटर्न भरावंच लागतं.

त्याहून कमी उत्पन्न असलं तरी काही जणांना भरावं लागतं. वर्षाचं वीजबिल १ लाखाच्या वर गेलं, परदेश प्रवासावर २ लाखांहून जास्त खर्च केला, किंवा वर्षभरात तुमचा २५,००० किंवा त्याहून जास्त टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापलेला कर, कापला गेला (ज्येष्ठ नागरिकांना ही मर्यादा ५०,०००), तर तुम्ही त्या यादीत आलात. आणि टीडीएस कापला गेलाय पण कर बसत नाही, असं असेल तर भरायला सक्तीची गरजच काय? पैसे तुमचे आहेत, ते परत मागायचा रस्ता हा एकच आहे.

उशीर किती महाग पडतो

पगारदारांसाठी नेहमीची शेवटची तारीख ३१ जुलै. २०२५ मध्ये ती आधी १५ सप्टेंबर झाली आणि मग शेवटच्या क्षणी आणखी एक दिवस वाढली. त्यामुळे ‘वाढवतीलच’ हा विश्वास लोकांच्या मनात आता घर करून बसलाय. तारीख वाढली तर वाढू दे. तिच्यावर बेत आखू नका. (२४ जुलै हा आयकर दिवस असतो, हेही एक गंमत म्हणून लक्षात ठेवा. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये भारतात आयकर आणला, त्याची ही तारीख. म्हणजे वाढदिवसानंतर बरोबर एक आठवडा उरतो.)

तारीख चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं रिटर्न भरता येतं. त्याला कलम २३४एफ खाली ५,००० रुपये शुल्क लागतं, आणि एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. यातली खोच बघा. ज्याचा पगार ९ लाख आहे आणि कर शून्य आहे, त्यालाही उशिरासाठी ५,००० भरावे लागतात. सरकारला एक रुपयाचं देणं नसताना निव्वळ चालढकलीचे पाच हजार! कर बाकी असेल तर त्यावर महिन्याला १ टक्का व्याज वेगळं, आणि महिन्याचा एक दिवस उलटला तरी तो पुरा महिना धरतात.

पैशांहून मोठं नुकसान दोन जागी होतं. एक, उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी करप्रणाली निवडता येत नाही. घरभाडं, कलम ८०सी खालची (पीपीएफ, विमा वगैरे) दीड लाखांची गुंतवणूक, गृहकर्जाचं व्याज यांच्या जिवावर ज्यांचं गणित बसतं, त्यांना हा फटका पाच हजारांच्या कितीतरी पट बसू शकतो. दोन, शेअर्समधला तोटा पुढच्या आठ वर्षांच्या नफ्यातून वळता करण्याची सोय हातची जाते. तोट्याचा आकडा बघवत नाही म्हणून रिटर्न लांबवणारी माझी ती मैत्रीण नेमकी तो तोटा उपयोगी पडण्याची संधीच घालवत होती.

पहिली बैठक: फक्त दार उघडायचं

‘या रविवारी सगळं उरकून टाकू’ हा बेत फसतो. रविवार मोठा असतो आणि त्यात कपाटही असतं. त्याऐवजी दोन छोट्या बैठका धरा. पहिलीत भरायचं काहीच नाही. आठवड्यातली एखादी रात्र, जेवणं झाल्यावर अर्धा तास.

आयकर विभागाचं ई-फायलिंग पोर्टल उघडा. पत्ता स्वतः टाइप करा: इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातींवरून जाऊ नका. तुमचा पॅन हाच तिथला युजर आयडी. पासवर्ड आठवत नसेल (कुणालाच आठवत नाही) तर आधारच्या ओटीपीने नवा करता येतो. आधारचा मोबाइल नंबर जुना असेल तर तो बदलायचं काम आजच मार्गी लावा. तोवर तुमच्या बँकेच्या नेट बँकिंगमधूनही पोर्टलवर शिरता येतं, ही वाट फार जणांना माहीत नसते.

आत गेल्यावर दोनच गोष्टी बघायच्या. पॅन आणि आधार जोडलेले आहेत ना? नसतील तर पॅन निष्क्रिय ठरतो आणि रिफंड अडकतो. आणि तुमचं बँक खातं पोर्टलवर पडताळलेलं आहे ना? रिफंड फक्त तशाच खात्यात येतो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत पॅनवर एक नाव आणि बँकेत दुसरं, म्हणून ही पडताळणी हटकून अडते. अशी भानगड निघाली तर ती जूनमध्ये निघालेली बरी.

मग तीन कागद उतरवून घ्या.

फॉर्म १६: हा नोकरीच्या ठिकाणाहून मिळतो आणि मालकाने तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन.

फॉर्म २६एएस: तुमच्या नावावर कुणी किती टीडीएस कापून सरकारजमा केला, त्याचा हा हिशेब.

एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरण: हा नोव्हेंबर २०२१ पासून आला आणि खरं सांगायचं तर त्याने रिटर्नचं रूपच पालटलं. पगार, बँकेचं व्याज, लाभांश, विकलेले शेअर, म्युच्युअल फंड, सगळं तिथे रांगेत उभं असतं. याची पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ अंकांत.

तिन्ही फायली एका फोल्डरमध्ये टाका आणि लॅपटॉप बंद करा. खरंच बंद करा. पहिली बैठक इथे संपते. उत्साहाच्या भरात पुढे रेटलंत तर पहिल्याच न जुळणाऱ्या आकड्याशी दमून उठाल, आणि मग परत बसायला ऑगस्ट उजाडेल.

दुसरी बैठक: आकडे जुळवणं

खरं काम हेच. फॉर्म भरणं त्यामानाने सोपं आहे, कारण बरीच माहिती पोर्टलने आधीच भरून ठेवलेली असते. पण आधी भरलेलं म्हणजे बरोबर भरलेलं नव्हे. सही तुमची असते.

एआयएस समोर ठेवा आणि एकेका ओळीला विचारा, हे माझंच आहे का? आणि मग उलटा प्रश्न: माझं असं काय आहे जे इथे नाही? संयुक्त खात्याचं व्याज कधी भलत्याच्याच नावावर दिसतं, एखादा व्यवहार दोनदा येतो. तसं दिसलं तर एआयएसमध्येच त्या ओळीवर हरकत नोंदवता येते. आणि जी मिळकत तिथे दिसत नाही ती करमुक्त झाली असं नाही. ती तुम्हालाच दाखवायची असते.

हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे व्याज. ‘बँकेने टीडीएस कापलाच नाही, म्हणजे त्यावर कर नाही’ ही समजूत घरोघरी आहे. २०२५-२६ मध्ये एका बँकेतलं मुदत ठेवींचं व्याज ५०,००० च्या वर (ज्येष्ठांना १ लाखाच्या वर) गेलं तरच बँक टीडीएस कापते. त्याच्या आतलं व्याजही तुमचं उत्पन्नच असतं. आणि बँकेने कापलेले १० टक्के म्हणजे पुरा कर झाला असंही नाही. तुम्ही २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर उरलेले तुमच्याकडून यायचे असतात.

नोकरी बदललेल्यांसाठी एक हिशेब जरा सावकाश मांडतो, कारण जुलैच्या शेवटी सगळ्यात जास्त चेहरे इथे पडतात. समजा, पहिल्या सहा महिन्यांत एका कंपनीकडून ६ लाख मिळाले आणि पुढच्या सहांत दुसरीकडून ७ लाख. पहिलीने हिशेब केला: महिना १ लाख, म्हणजे वर्षाला १२, कर शून्य, टीडीएस नको. दुसरीला तुम्ही आधीच्या पगाराबद्दल काही सांगितलंच नाही. तिने ७ लाख धरले आणि तिनेही काही कापलं नाही. दोन्ही फॉर्म १६ वर कर शून्य. आता दोन्ही एकत्र करा. १३ लाख, त्यातून ७५,००० एकदाच वजा, म्हणजे सव्वाबारा लाख. बारा लाखांची रेघ ओलांडली. स्लॅबप्रमाणे कर येतो ६३,७५०. पण रेघ थोडक्यात ओलांडणाऱ्यांना सवलत आहे: कर हा बारा लाखांच्या वरच्या रकमेपेक्षा जास्त होऊ शकत नाही. म्हणून तो २५,००० वर थांबतो, आणि ४ टक्के उपकर धरून २६,०००. आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) भरला नाही म्हणून त्यावर एप्रिलपासून महिन्याला १ टक्का व्याज चढत असतं, आणि आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं थोडं व्याज वेगळं. म्हणजे हा मनुष्य जेवढा ‘बघू नंतर’ म्हणेल, तेवढं त्याचं देणं वाढतं.

भांडून नोकरी सोडलेल्या मित्राचं प्रकरण थोड्याफार फरकाने असंच होतं. त्याला मेलची लाज वाटत होती हे खरं. पण कुठेतरी मनात ‘पैसे निघणार’ ही शंकाही असणार, असं मला अजून वाटतं.

शेअर्सवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. बारा लाखांपर्यंतची ती सूट खास दराने कर बसणाऱ्या उत्पन्नाला लागू नाही. शेअर एका वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के कर आहे. वर्षापेक्षा जास्त ठेवून विकलेल्यांवर सव्वा लाखापुढच्या नफ्याला साडेबारा टक्के. त्यामुळे एकूण उत्पन्न १० लाख असूनही थोडा कर निघू शकतो. पोर्टल चुकलेलं नसतं.

कुठला फॉर्म, कुठली प्रणाली

पगार, व्याज, साधं घर आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’. शेअर किंवा इक्विटी फंडांचा दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखाच्या आत असेल तरीही हाच चालतो. अल्प मुदतीचा नफा किंवा पुढे न्यायचा तोटा असेल तर आयटीआर-२. छोटा धंदा किंवा व्यवसाय ठरावीक टक्के नफा धरून दाखवायचा असेल तर आयटीआर-४, ‘सुगम’. पूर्ण हिशेबाचा धंदा किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स असतील तर आयटीआर-३, आणि तिथे सरळ सीए गाठा.

दोन प्रणालींपैकी कुठली, यावर लोक अख्खा आठवडा घालवतात. पोर्टलवर दोन्हींचा कर काढून बघता येतो. पाच मिनिटांचं काम आहे, वाद घालण्यात अर्थ नाही. काही निवडलं नाही तर नवी आपोआप लागू होते. कंपनीला वर्षाच्या सुरुवातीला नवी सांगितली असली तरी पगारदाराला रिटर्न भरताना जुनी घेता येते, पण ३१ जुलैच्या आत. धंद्याचं उत्पन्न असलेल्यांना त्यासाठी १०-आयईए हा वेगळा फॉर्म मुदतीआधी भरावा लागतो. जुनी घेणार असाल तर पॉलिसी क्रमांक, पीपीएफ खात्याचा क्रमांक, गृहकर्जाचा तपशील हाताशी ठेवा. फॉर्म आता नुसत्या रकमेवर समाधान मानत नाही.

आणि कुणी ‘भरघोस रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे’ म्हणत आलं, तर त्याला चहासुद्धा विचारू नका. न दिलेल्या देणग्या आणि नसलेल्या पॉलिस्या घुसवून असे रिफंड निघतात. पकडलं गेल्यावर दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो भरतो पॅनचा मालक. टक्केवाला तोवर फोन उचलत नसतो.

पैसे भरायचे निघाले तर

पोर्टलवरच ‘ई-पे टॅक्स’ आहे. तिथे सेल्फ असेसमेंट टॅक्स, कोड ३००, निवडायचा. वर्ष निवडताना श्वास घ्या. २०२५-२६ मध्ये कमावलेल्या पैशांचं करनिर्धारण वर्ष, म्हणजे त्यांच्यावरचा कर ठरवायचं वर्ष, २०२६-२७ आहे. भरीत भर म्हणजे १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, आणि त्यात ‘करनिर्धारण वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आलं. कर वर्ष २०२६-२७ म्हणजे त्या वर्षात कमावलेले पैसे. आकडे तेच, अर्थ वेगळा. मागच्या वर्षीच्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्या, १९६१ च्या कायद्यानेच भरायचं आहे, म्हणून तुम्हाला हवंय ते करनिर्धारण वर्ष. चुकीच्या वर्षात भरलेले पैसे परत जागेवर आणणं म्हणजे स्वतःहून ओढवलेली दगदग. चलनाची पावती उतरवून ठेवा आणि रिटर्नमध्ये त्या चलनाची नोंद आली का ते बघूनच पुढे जा.

‘सबमिट’ म्हणजे शेवट नव्हे

इथे मी स्वतः पडलोय. एका वर्षी रात्री साडेअकराला सबमिट दाबलं, हिरवी खूण आली, तिचा स्क्रीनशॉट बायकोला पाठवला आणि झोपलो. पुढे कित्येक महिने रिफंड आला नाही. मी इकडे सरकारला नावं ठेवत होतो. एकदा सहज लॉगिन केलं तर माझ्या रिटर्नसमोर लिहिलं होतं की ई-व्हेरिफिकेशन बाकी आहे. म्हणजे मी पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, तिकीटही लावलं, आणि पाकीट टेबलावरच ठेवलं.

रिटर्न दिल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. पूर्वी १२० दिवस मिळायचे, ऑगस्ट २०२२ पासून ३०. ती केली नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. ३० दिवसांनंतर केलीत तर भरल्याची तारीख म्हणून पडताळणीचा दिवस मोजला जातो आणि उशिराचं शुल्क बोकांडी बसतं. आधार ओटीपीने हे काम एका मिनिटात होतं. ते जमत नसेल तर नेट बँकिंग किंवा डीमॅट खात्यातून होतं. अगदीच काही नाही तर सही केलेला आयटीआर-व्ही (रिटर्नची पोचपावती) बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला टपालाने पाठवता येतो. माझा नियम असा: सबमिट दाबल्यावर खुर्चीतून उठायच्या आधी ओटीपी.

मागची वर्षं राहिली असतील तर

यंदाचं भरायला मागचं भरलेलं असण्याची अट नाही. ही दोन स्वतंत्र दारं आहेत. यंदाचं आधी वेळेत भरून टाका, म्हणजे ढीग वाढायचा थांबेल.

मागच्यासाठी २०२२ पासून अद्ययावत रिटर्नची सोय आहे. आयटीआर-यू म्हणतात त्याला. सुरुवातीला दोन वर्षांची मुदत होती, एप्रिल २०२५ पासून ती करनिर्धारण वर्ष संपल्यानंतर चार वर्षं झाली. त्यासाठी कर आणि व्याजावर जादा रक्कम भरावी लागते: पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७०. यातून रिफंड मागता येत नाही, तोटाही दाखवता येत नाही. ही सोय फक्त राहिलेलं देणं फेडणाऱ्यांसाठी आहे. बरीच वर्षं साचली असतील तर सगळ्यात अलीकडचं आधी घ्या, तिथे टक्केवारी कमी असते.

परदेशी कंपनीचे शेअर हातात असतील (नोकरीत मिळालेले ईसॉपसुद्धा) तर आपल्या हुशारीवर जाऊ नका. ते परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावे लागतात, आणि न दाखवल्याचा दंड लाखांत जाऊ शकतो. सीएची फी तिथे स्वस्त पडते.

मग वाट बघायची, पण डोळे उघडे ठेवून

पडताळणीनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ईमेलवर कलम १४३(१) ची सूचना येते. ‘नोटीस आली’ म्हणून घरात धावपळ करू नका, ही सगळ्यांनाच येते. तिची फाइल त्याच पासवर्डने उघडते, लहान अक्षरांतला पॅन आणि जन्मतारीख. आत दोन रकाने शेजारी असतात: तुम्ही दिलेले आकडे आणि विभागाने काढलेले. शेवटच्या ओळी जुळल्या तर तुमचं काम झालं. नाही जुळल्या तर वर वर जात पहिला फरक कुठल्या ओळीत पडलाय तो शोधा. बहुतेक वेळा एखादा टीडीएस किंवा सुटलेलं व्याज निघतं. चूक तुमची असेल तर सुधारित रिटर्न भरा, त्यांची असेल तर पोर्टलवरून दुरुस्तीची विनंती करा. रिटर्नमध्येच दोष आहे असं कळवणारी सूचना आली तर मात्र १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, ती बाजूला ठेवू नका.

रिफंडच्या दिवसांत ‘तुमचे इतके रुपये मंजूर झाले, लिंकवर खातं पक्कं करा’ असे मेसेज फिरतात. विभाग पिन, ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागत नाही. खरा रिफंड पोर्टलवर दिसतो आणि पडताळलेल्या खात्यात आपोआप येऊन पडतो. माझा त्या वर्षीचा साडेतीन हजारांचा असाच एका दुपारी आला, उशिराचं शुल्क वजा होऊन.